मिटणारे दिवे आणि त्यांचे पेच

रात्रीं उघडावे आणि दिवसा मिटावे असे दिवे मोटारगाडीस लावण्याची कल्पना सुमारें सत्तर वर्षें जगली आणि नाहींशी झाली. इ. स. १९३५ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनांत ती लोकांच्या दृष्टीस पडली, इ. स. २००४ सालीं असे दिवे असलेल्या अखेरच्या नामांकित गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. एवढ्या अल्पायुषी वस्तूचा इतिहास लिहावा काय, आणि लिहिला तर साहित्यप्रेमी वाचकांनीं तो कां वाचावा, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर असें कीं, हे दिवे जुन्या गाडींतून उतरवून, साफसूफ करून पुन्हा जोडूं पाहणाऱ्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो: हातांत आहे तो बोल्ट येथलाच काय? या एका प्रश्नाच्या मागोमाग गेलें असतां आपण दिव्यांपासून फार दूर, एकोणिसाव्या शतकांतील लंडन-मँचेस्टरच्या कारखान्यांत, बाल्टिमोरच्या आगींत आणि दुसऱ्या महायुद्धांतील विमानांच्या इंजिनांपाशीं जाऊन पोंचतों. ज्या वस्तूंस आपण क्षुद्र म्हणतों, त्यांच्या पोटीं राष्ट्राराष्ट्रांचा अभिमान, त्यांचीं भांडणें आणि त्यांच्या तडजोडी कशा सांठविलेल्या असतात हें दाखविण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

प्रथम दिव्यांची हकीकत सांगूं. त्या काळच्या मोटारींचे दिवे म्हणजे गाडीच्या नाकाच्या दोहों बाजूंस उभीं केलेलीं दोन मोठालीं पातेलीं होतीं. गॉर्डन ब्यूरिग या तरुण अमेरिकन आराखडाकारानें 'कॉर्ड ८१०' ही गाडी योजिली तेव्हां तिच्या अंगावरून जेवढें म्हणून उपरें दिसेल तेवढें काढून टाकण्याचा त्याचा निश्चय होता. दिवे काढून टाकणें तर शक्य नव्हतें; म्हणून त्यानें ते पुढच्या मडगार्डांच्या पोटांत लपविले. कॉर्ड यांच्या उद्योगसमूहांत स्टिन्सन विमानांचा कारखानाहि होता, आणि विमानाच्या पंखांतून उतरण्याच्या वेळीं बाहेर येणाऱ्या दिव्यांवरून ही युक्ति निघाली असें सांगतात. कॉर्डचे दिवे उघडण्यास वीज लागत नसे. चालकाच्या समोरील फळीच्या दोहों टोंकांस हातानें फिरवावयाचा एकेक दांडा असे. तो फिरविला कीं त्या बाजूचा दिवा वर येई. अंधार पडला म्हणजे चालकानें आपल्या बाजूचा दांडा फिरवावा, आणि मग पलीकडच्या आसनावर वांकून दुसरा फिरवावा, नाहीं तर शेजाऱ्यास तसदी द्यावी. गाडीच्या रूपावर लोक लुब्ध झाले. परंतु ती घाईनें बाजारांत आणल्यामुळें तिच्यांत दोष राहून गेले, आणि सुमारें तीन हजार गाड्या निघाल्यावर १९३७ सालीं तिचें उत्पादन बंद पडलें. पुढें १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संस्थेनें आठ मोटारी कलाकृति म्हणून मांडल्या, त्यांत कॉर्डला स्थान मिळालें. बाजारांत हरलेली वस्तु कलेच्या दरबारांत मान मिळविते, हा प्रकार ग्रंथांच्या वाचकांस नवा नाहीं.

१९४२ सालच्या डी सोटो गाडींतहि दिवे झांकणामागें ठेविलेले होते. पण त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत युद्धामुळें अमेरिकेंतील खाजगी मोटारींचें उत्पादनच थांबलें. युद्धानंतर या कल्पनेस नवें जीवन मिळालें तें सौंदर्यदृष्टीइतकेंच कायद्यामुळें. १९४० पासून अमेरिकेंत सात इंच व्यासाचा, कांच व परावर्तक एकजीव केलेला गोल दिवाच सर्व मोटारींस लावावा असा दंडक झाला होता. पुढें लहान गोल दिव्यांस, आणि त्यानंतर चौकोनी दिव्यांस परवानगी मिळाली. तरी आकार ठरलेला तो ठरलेलाच राहिला. शिवाय दिवा जमिनीपासून अमुक इतका उंच असलाच पाहिजे असाहि नियम होता. आतां ज्याला गाडीचें नाक ठेंगणें आणि निमुळतें ठेवावयाचें आहे त्यानें हा सरकारी दिवा ठेवावा कोठें? मिटणारा दिवा हें या पेंचावरचें उत्तर होतें. इंग्लंडांत १९६२ सालीं लोटस एलान निघाली. तिचे दिवे इंजिनाच्या निर्वात शक्तीवर उघडत. १९६३ च्या कॉर्व्हेट गाडींत ते विजेच्या मोटरीनें फिरत. १९६७ सालच्या टोयोटा २००० जीटीचे वर येणारे दिवे तर अमेरिकन उंचीच्या नियमासाठींच होते. १९६८ च्या ओपेल जीटींत एक तरफ ओढली कीं दोन्ही दिवे कुशीवर वळल्यासारखे एकाच दिशेनें उलटत. १९८९ सालीं शिकागोस प्रथम दाखविलेली जपानची माझदा एमएक्स-५ ही या घराण्यांतील सर्वांत लोकप्रिय गाडी म्हणतां येईल.

दिवा लपविण्याची मुभा देतांना अमेरिकन कायद्यानें त्याला तीन अटी घातल्या होत्या. कळ दाबल्यापासून तीन सेकंदांत दिवा पुरा उघडला पाहिजे. उघडा असतां शक्तीचा पुरवठा तुटला तर तो उघडाच राहिला पाहिजे. आणि मिटलेला असतां यंत्र बिघडलें तर कोणत्याहि हत्याराशिवाय तो उघडतां आला पाहिजे. या तीन अटी म्हणजे दिव्याच्या धर्माचें सार होय. वस्तूनें सुंदर दिसावें, पण बिघडण्याची पाळी आलीच तर प्रकाशाच्या बाजूनें बिघडावें. पुढें १९८३ सालीं अमेरिकेंत बल्ब बदलतां येणाऱ्या, हव्या त्या आकाराच्या दिव्यांस परवानगी मिळाली आणि लपविण्याचें मुख्य कारणच संपलें. युरोपांत पादचाऱ्यांच्या रक्षणाचे नियम कडक होत गेले, तेव्हां बाहेर डोकावणारा कठीण भाग कोणास नकोसा वाटूं लागला. २००४ सालीं लोटस एस्प्रिट आणि कॉर्व्हेटची पांचवी पिढी या दोहोंचें उत्पादन थांबलें आणि या प्रकरणाची समाप्ति झाली.

आतां या दिव्यांची रचना पाहूं. त्यावांचून पुढील गोष्टीचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं. विजेवर चालणाऱ्या सामान्य नमुन्यांत दिवा एका लोखंडी चौकटींत बसविलेला असतो आणि ती चौकट बिजागरीवर हलते. चौकटीस एक दांडी जोडलेली असते. दांडीचें दुसरें टोंक एका आंखूड भुजेस, आणि भुजा मोटरीच्या आंसास. मोटरीच्या पोटांत मळसूत्री दंतचक्र असतें. त्यामुळें मोटर पुष्कळ वेळां फिरते तेव्हां भुजा सावकाश वळते, आणि वाऱ्याच्या दाबानें दिवा ढकलला गेला तरी चक्र सहसा उलटें फिरत नाहीं. भुजेचा अर्धा फेरा झाला कीं दिवा वर, उरलेला अर्धा झाला कीं खालीं. झांकण भोंवतालच्या पत्र्याशीं समपातळींत मिटावें म्हणून रबरी टोपीचे स्क्रू असतात. प्रकाशाचा झोत किती उंच जावा हें ठरविणारे स्क्रू निराळे.

हें सारें उतरवून पुन्हा जोडणारा शहाणा कारागीर आधीं फ्यूज काढून ठेवतो, कारण अर्धवट जोडलेली मोटर अवचित फिरली तर बोट सांपडावयाचें. मग सगळे बोल्ट तो नुसते बोटांनीं फिरवून बसवितो, एकहि आवळीत नाहीं. मोटरीच्या मागची गुंडी हातानें फिरवून दिवा चारदोनदां वरखालीं करून पाहतो. कोठें घासत नाहीं, चोहों बाजूंची फट सारखी आहे, अशी खात्री पटली म्हणजे मगच पाना हातीं घेतो. आणि या सर्वांच्या आधीं, काढतांनाच, कोणता बोल्ट कोठून निघाला तें तो लिहून ठेवतो. हें शेवटचें काम अगदीं कंटाळवाणें, आणि तेंच बहुतेक जण टाळतात.

तें टाळल्यानें काय होतें? या जोडणींतील सगळे बोल्ट एका जातीचे नसतात. कांहीं बोल्टांचें काम धरून ठेवणें, तर कांहींचें काम धरूनहि हलूं देणें. हलत्या सांध्यांत पुष्कळ वेळां खांद्याचा बोल्ट असतो. त्याच्या डोक्याखालीं आटे नसलेला, गुळगुळीत आणि किंचित् जाड असा भाग असतो. आटे त्याच्या पुढें सुरू होतात. बोल्ट कितीहि आवळला तरी हा खांदा पत्र्यास टेकला कीं थांबतो, आणि डोकें व पत्रा यांच्यामध्यें दांडीस फिरण्यापुरती जागा उरते. बोल्ट घट्ट आणि दांडी मोकळी, हें त्या खांद्याचें कौशल्य. तेथें साधा बोल्ट घातला तर दोनच गति संभवतात. आवळला तर दांडी जखडते आणि सारा भार मोटरीवर व तिच्या दांत्यांवर पडतो. ढिला ठेवला तर थरथरीनें हळूहळू उलगडत जाऊन एखाद्या रात्रीं गळून पडतो. वरून पाहणाऱ्यास दोन्ही बोल्टांचीं डोकीं सारखींच दिसतात.

याहून फसवी गोष्ट आट्यांची. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि इंचाच्या सोळा भागांपैकीं पांच भाग जाडीचा बोल्ट यांत एका मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाइतकाच फरक आहे. डोळ्यांस तो दिसणें अशक्य. परंतु पहिल्याच्या नेहमींच्या जातींत आट्याआट्यांमधील अंतर १·२५ मिलिमीटर असतें, दुसऱ्याच्या जाड आट्यांच्या जातींत सुमारें १·४१. परका बोल्ट पहिले एकदोन फेरे आज्ञाधारकपणें आंत जातो आणि मग अडतो. या ठिकाणीं ज्याच्या मनगटांत जोर अधिक आणि धीर कमी, तो पाना लांब घेतो. बोल्ट आंत जातो, काम झाल्यासारखें वाटतें, आणि मूळचे आटे मात्र कायमचे मोडलेले असतात. त्यानंतर खरा बोल्ट आणून दिला तरी त्याला धरण्यास कांहीं उरलेलें नसतें.

दिसण्यांत जुळे आणि स्वभावानें वैरी असे हे बोल्ट जगांत आले कोठून, हाच आमच्या इतिहासाचा खरा विषय. आपल्या भाषेंत 'पेच' या एकाच शब्दानें स्क्रूचाहि बोध होतो आणि संकटाचाहि. हा इतिहास पाहिल्यावर तो शब्द फार समर्पक वाटूं लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक कारखाना आपले आटे आपल्या मनाप्रमाणें पाडी. किंबहुना एकाच कारखान्यांतील दोन बोल्टहि एकमेकांच्या नटांत जात नसत. ज्याचा नट त्यालाच, म्हणून जोडीजोडीवर खुणा कराव्या लागत. लंडनचा हेन्री मॉड्स्ली यानें १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा नेमका लेथ बनविला आणि निदान आपल्या कारखान्यापुरती या अराजकास शिस्त लाविली. जेम्स नॅस्मिथ हा त्याचा सहायक. मॉड्स्लीपूर्वीच्या या गोंधळाचें वर्णन त्यानें आपल्या आत्मचरित्रांत केलें आहे.

मॉड्स्लीच्याच हाताखालीं काम केलेला जोसेफ व्हिट्वर्थ १८३३ सालीं मँचेस्टरास स्वतंत्र कारखाना घालून बसला. १८४१ सालीं त्यानें लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें आट्यांच्या एकसूत्री पद्धतीवर एक निबंध वाचला. त्या निबंधामागील रीति इतिहासकारानेंहि मनन करण्यासारखी आहे. सर्वोत्तम आटा कोणता हें त्यानें आपल्या बुद्धीनें ठरविलें नाहीं. इंग्लंडांतील नामांकित कारखान्यांतून त्यानें बोल्ट गोळा केले, ते मोजले, आणि त्यांचा मध्य काढला. आट्याच्या कडांमधील कोन सरासरीनें ५५ अंश निघाला. तोच त्यानें सर्वांस सुचविला. त्या कोनांत कांहीं दैवी गुण नव्हता. कोणाहि एकाचा नसल्यामुळें तो सर्वांचा होऊं शकला, एवढाच त्याचा गुण. आणि प्रत्येक कारखानदारास आपल्या सवयीपासून थोडेंच सरकावें लागल्यामुळें तो हळूहळू देशभर मान्य झाला. क्रिमियाच्या युद्धांत आरमारास घाईनें तोफनौका हव्या झाल्या, तेव्हां जॉन पेन या इंजिनकारानें निरनिराळ्या कारखान्यांस सुटे भाग बनविण्यास वांटून दिले आणि ते एकत्र आणून नव्वद नौकांचीं इंजिनें जोडलीं. दहा ठिकाणीं बनलेले भाग एका ठिकाणीं बसतात ही गोष्ट त्या काळीं चमत्कारासारखी होती.

परंतु एका देशाचें ऐक्य तेंच दुसऱ्या देशाचें कुंपण होतें. १८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटमध्यें विल्यम सेलर्स यानें अमेरिकेकरितां निराळा आटा मांडला: कोन ६० अंशांचा, आणि व्हिट्वर्थच्या गोल माथ्याऐवजीं सपाट माथा. त्याचा युक्तिवाद व्यवहारी होता. ५५ अंशांचा कोन मापण्यास कठीण, आणि गोल माथा घडविण्यास निष्णात कारागीर व अनेक हत्यारें लागतात. साठ अंश म्हणजे समभुज त्रिकोण, तो साध्या कामगारासहि साधेल. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परी खरें होतें. मुळाशीं गोलाई असलेला आटा वारंवार बसणाऱ्या ताणास अधिक टिकतो, हा व्हिट्वर्थच्या बाजूचा गुण. तो पुष्कळ आणि स्वस्त निघत नाहीं, हा दोष. अर्ध्या इंची बोल्टावर व्हिट्वर्थचे इंचास बारा आटे, सेलर्सचे तेरा. एका आट्याच्या या अंतरानें अटलांटिकचे दोन किनारे ऐंशी वर्षांहून अधिक काळ वेगळे ठेविले. मेट्रिक मापें वापरणाऱ्या युरोपीय देशांनीं १८९८ सालीं झूरिकच्या परिषदेंत आपला तिसरा आटा ठरविला, आणि जगांत तीन धर्म सुरू झाले.

या भेदाची किंमत केवळ गैरसोयीचीच असती तर कोणी फारसें मनावर घेतलें नसतें. १९०४ च्या फेब्रुवारींत बाल्टिमोर शहरास आग लागली. वॉशिंग्टनहून आणि इतर शहरांहून बंब आगगाडीनें धांवून आले; पण पुष्कळांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांस बसेनात. माणसें होतीं, यंत्रें होतीं, पाणीहि होतें. मध्यें फक्त आटा आडवा आला. दीड हजारांवर इमारती जळून गेल्या. आगीचें कारण आटे नव्हते, आणि बसले असते तरी सारें शहर वांचलेंच असतें असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि मदत दाराशीं येऊन निरुपयोगी ठरावी याहून विदारक दृश्य कोणतें?

कधीं कधीं या भेदांतून विनोदहि निर्माण झाला. पहिल्या महायुद्धांत हॉचकिस ही फ्रेंच कंपनी इंग्लंडांतील कॉव्हेंट्रीस येऊन बंदुका बनवूं लागली. युद्ध संपल्यावर तिनें मॉरिस मोटारींचीं इंजिनें बनविलीं, आणि १९२३ सालीं तो कारखाना मॉरिस यांनींच घेतला. यंत्रें फ्रेंच, म्हणून आटे पडत ते मिलिमीटरी. पण इंग्रज कारागिराजवळ पाने होते ते इंची. म्हणून बोल्टांचीं डोकीं इंग्रजी मापांचीं ठेवण्यांत आलीं. असे वरून इंग्रज आणि आंतून फ्रेंच बोल्ट एम्. जी. गाड्यांच्या इंजिनांत १९५५ पर्यंत टिकून होते. पाना बिनचूक बसतो आणि नट मात्र जात नाहीं, असा अनुभव त्या गाड्या जोडणाऱ्यांस अद्यापहि येतो. बाहेरून एका संस्कृतीचें आणि आंतून दुसरीचें असें मिश्रण इंग्रजी विद्या शिकलेल्या आमच्या पिढ्यांनीं आपल्या अंगींहि पुष्कळ पाहिलें आहे. तेव्हां त्या बोल्टांस हंसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें मात्र हा प्रश्न टाळतां येणार नाहीं असा करून सोडला. रोल्स-रॉइसचें मर्लिन हें विमानाचें इंजिन अमेरिकेंत बनविण्याचें काम पॅकार्ड कंपनीनें घेतलें, तेव्हां दुरुस्तीच्या वेळीं दोन देशांचे भाग एकमेकांस लागावे म्हणून तिला अमेरिकेंत बसून ब्रिटिश आटे पाडावे लागले. रणांगणावर बिघडलेल्या यंत्रास दोस्ताच्या कोठारांतला बोल्ट चालत नाहीं हा अनुभव कटु होता. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एकत्रित आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन सेलर्सचा साठ अंशांचा राहिला. इंग्लंडच्या आवडीच्या गोलाईस त्यांत जागा ठेवण्यांत आली. ज्या देशानें जगास आट्यांची शिस्त शिकविली त्यानें शंभर वर्षांनीं आपला ५५ अंशांचा कोन सोडला. या त्यागाचे पोवाडे कोणी गाइले नाहींत.

इकडे १९४६ सालीं लंडनास पंचवीस देशांचे प्रतिनिधि जमून आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचा पाया घातला गेला, आणि १९४७ सालीं ती काम करूं लागली. तिनें नेमलेल्या समित्यांत पहिल्या क्रमांकाची समिति आहे ती स्क्रूच्या आट्यांची. संस्थापक देशांत हिंदुस्थान होता. आपल्याकडील प्रमाणसंस्थाहि १९४७ च्या जानेवारींतच, म्हणजे स्वातंत्र्याच्या कांहीं महिने आधीं, अस्तित्वांत आली. १९५६ सालीं आपण मेट्रिक मापांचा कायदा केला. तरी कायदा झाल्यानें जुने बोल्ट एका रात्रींत बदलत नाहींत. उत्तरपाड्यास निघणारी अँबॅसिडर मूळ इंग्लिश मॉरिसवरून घेतलेली. मुंबईस कुर्ल्याला निघणारी प्रीमियर मूळ इटलीच्या फियाटवरून. एकीचे बोल्ट इंचांत, दुसरीचे मिलिमीटरांत. त्यामुळें आपल्या गॅरेजांत इंची व मिलिमीटरी पाने दीर्घकाळ शेजारीं शेजारीं टांगलेले असत, आणि हात नुसता लावतांच कोणता पाना लागेल हें सांगणारे मिस्त्री आपल्या शहरोशहरीं होऊन गेले. त्यांचें हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत उतरलेलें नाहीं.

येथवर आल्यावर एक आक्षेप ध्यानांत घेतला पाहिजे. सर्व जगास एकच आटा लावण्याची ही हौस म्हणजे विविधतेचा नाश नव्हे काय? आजचें युग जेथें तेथें एकसारखेपणा आणीत असतां आणखी एका एकसारखेपणाचें कौतुक कशास करावें? आक्षेप पोकळ नाहीं. पण आट्यांचा इतिहास त्याला एक मार्मिक उत्तर देतो. ज्या ठिकाणीं दोन वस्तु एकमेकींस धरतात, तेवढ्याच ठिकाणीं हा करार लागू आहे. आटा एक झाला म्हणून कॉर्ड आणि एलान एकसारख्या झाल्या नाहींत. कोणी दिवा हातानें उघडला, कोणी निर्वातानें, कोणी विजेनें. व्याकरण एक असल्यानें सर्व कवींची कविता एक होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. उलट, सांध्यापाशीं करार पक्का असेल तरच बाकीच्या अंगांस मोकळीक देतां येते. खांद्याच्या बोल्टाची गोष्ट तीच आहे: जेथें घट्ट असावयाचें तेथें तो घट्ट असतो, म्हणूनच दांडी मोकळी फिरते.

राहतां राहिला आज हे दिवे पुन्हा जोडणारा मनुष्य. त्याची वस्तु आतां इतिहासजमा झालेली आहे. कांहीं भाग मूळ कारखान्यांतून मिळेनासे झाले आहेत, आणि कैक हातांखालून गेलेल्या जुन्या गाडींत कोणता बोल्ट मूळचा व कोणता मधल्या कोणी वेळ मारून नेण्यासाठीं घातलेला, याचा निवाडा त्यालाच करावा लागतो. तो आटे मोजण्याच्या दांतेरी पट्ट्या लावून पाहतो, डोक्यावरील खुणेचे आंकडे वाचतो, छिद्राच्या कडेस घासल्याच्या खुणा कोठें आहेत तें न्याहाळतो. हें काम आणि जुन्या कागदपत्रांवरून गतकाल जुळविणाऱ्या संशोधकाचें काम यांत आम्हांस जातीचा भेद दिसत नाहीं. संशोधकापुढेंहि पुष्कळ तुटक भाग असतात, कांहीं हरवलेले असतात, आणि मधल्या पिढ्यांनीं सोईसाठीं ठोकलेले परके खिळे जागोजाग असतात. एखादी तारीख, एखादें पत्र, एखादी दंतकथा रिकाम्या जागीं जवळजवळ बसते. दोन फेरे आंत जाते आणि मग अडते. त्या वेळीं आपल्या सिद्धांताचा लांब पाना लावून ती आंत बसविण्याचा मोह अनिवार असतो. बसतेहि. पण अशा जोडणीनें पुराव्याचे मूळचे आटे मोडतात, आणि पुढें कोणी खरा दुवा शोधून आणला तर त्याला बसण्यास जागा राहत नाहीं.

म्हणून जागा भरणारी वस्तु आणि त्या जागेची वस्तु यांतील फरक ओळखण्यास शिकणें, हें कारागिराचें तसेंच इतिहासकाराचें पहिलें कर्तव्य होय. योग्य बोल्ट मिळेपर्यंत छिद्र रिकामें ठेवावें, फ्यूज काढलेला असूं द्यावा, आणि दिवा हातानें उघडून उघडाच ठेवावा. तशा गाडीचें रूप थोडें कमी होईल. पण रात्रीं रस्ता दिसेल.